आता खुललं

सकाळी अकराच्या सुमारास नकाशाखोलीत कुठूनतरी एक बारीक आवाज यायला लागला आणि कानसेन सोडून सगळ्यांना तो ऐकू आला. डास कानाशी यावा तसा, पण लोखंडी डास, असं टायपिंगच्या बाई म्हणाल्या. समोरचा ड्राफ्ट्समन म्हणाला, "डास परवडला हो, त्याला मारता तरी येतं." नऊ माणसांच्या त्या लांबट खोलीत आठ माना वर झाल्या, पेन्सिली थांबल्या, कुणी खिडकी लावून बघितली, कुणी उघडून. मग साहजिकच सगळ्यांच्या नजरा एका जागी आल्या. "अहो, घरचे कानसेन असताना आपण काय शोधत बसलोय? उठा साहेब, काढा बघू शोधून." कानसेन उठला. न उठून सांगतो कुणाला? वीस वर्षं हे नाव त्यानं हौसेनं मिरवलं होतं, खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. मान किंचित तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, एक हात वर, 'शू' असा. खोली गप्प झाली. त्याला पंख्याची घरघर ऐकू आली, खालच्या रस्त्यावरचा ट्रक ऐकू आला, स्वतःचा आवंढा ऐकू आला. बाकी काही नाही. "येतोय ना?" कुणीतरी कुजबुजलं. "येतोय की," तो म्हणाला, आणि एकदा येतोय म्हटल्यावर माणसानं थांबावं तरी कुठे? त्यानं नकाशांच्या कपाटाला कान लावला, नाही म्हणून मान हलवली. खिडकीच्या चौकटीला लावला. मग नकाशे छापायच्या मोठ्या यंत्रापाशी येऊन, डॉक्टरांनी दुखऱ्या पोटावर ठेवावं तसं अचूक बोट ठेवून म्हणाला, "हा. ह्याचा पंखा. बेअरिंग गेलंय." यंत्र सकाळपासून बंद होतं. हसावं की नाही हे कुणाला कळेना. तेवढ्यात टायपिंगच्या बाई उठल्या, सरळ चालत कानसेनच्याच टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी त्याच्या टेबलावरचा दिवा बंद केला. आठही जणांनी एकदम श्वास सोडला. "गेला गं बाई!" मग त्याच्याकडे वळून, "कमाल आहे तुमची! कानाशी एवढं चाललंय आणि तुम्ही खुशाल रेघा मारत बसलात?" "सवय झाली असेल," ड्राफ्ट्समननं परस्पर उत्तर दिलं. "हो, सवय," कानसेन म्हणाला. सगळे हसले, चहा आला, विषय मिटला. कुणाच्या मनात काही आलंसुद्धा नाही. त्याचे मात्र दोन्ही कान तापले होते, आणि तेवढा वेळ ते कान आहेत हे त्याला फार नीट कळत होतं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यानं तो दिवा लावला आणि वाकून त्याला उजवा कान चिकटवला. मग डावा. काचेचा गरमपणा लागला, बाकी ढिम्म काही नाही. बंद केला, लावला, बंद केला. दारात शिपाई उभा राहून बघत होता. "काय साहेब, अजून येतोय?" "नाही, आता नाही," कानसेन म्हणाला, आणि दिवसभरात खरं बोललेलं हे पहिलंच वाक्य, तेही खोट्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यानं अर्धी रजा टाकली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाचा, जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही असा, कान तपासणारा दवाखाना गाठला. म्हणजे चोरी करायला गेल्यासारखाच गेला. काचेच्या खोक्यात बसवून तपासणाऱ्या बाईंनी हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाल्या. त्यानं दाबलं, दाबलं, मग बराच वेळ काही आलंच नाही. मशीन बिघडलं असेल या आशेनं तो काचेतून बघू लागला, तर बाई त्याच्याकडेच बघत होत्या आणि त्यांची बोटं एकसारखी काहीतरी वाजवत होती. तेव्हा त्यानं आपलं अंदाजानं दोनदा बटण दाबलं. परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिल्यासारखं. बाहेर आल्यावर बाईंनी आलेख समोर ठेवला. रेघ अर्ध्या रस्त्यापर्यंत शहाण्यासारखी आडवी चालली होती आणि मग पायरी चुकल्यासारखी खाली गेली होती. "वयानं होतं काका, तुमचं जरा जास्त आहे इतकंच. बोलणं कळतं ना? मग घाबरायचं काही नाही. बारीक आवाज तेवढे जातात. घंटा, पाखरं, शिट्ट्या." "हे कधीपासून असेल?" "एका दिवसात नाही होत. दहा-बारा वर्षं तरी होत आलं असणार. तुम्ही काय करता?" "नकाशे," तो म्हणाला. घरी हौसेनं स्पीकर बनवतो हे सांगायला त्याची जीभ उचलली नाही.

बारा वर्षं. घरी येताना बसमध्ये तो हाताची बोटं मोडत मागे मागे जात राहिला आणि प्रत्येक वेळी जाऊन थांबला तो भाऊंच्या दिवाणखान्यात. इतर सगळं झालं-गेलं म्हणून कानामागे टाकता आलं असतं, भाऊंचं येत नव्हतं. भाऊ म्हणजे छापखानेवाले. चाळीस वर्षं छपाईच्या खडखडाटात काढलेला माणूस, उजव्या हाताची दोन बोटं अर्धी यंत्राला देऊन बसलेला, आणि कानसेनच्या घरी एक रविवार आड जमणाऱ्या हौशी मंडळींतला एकटाच नुसता ऐकणारा. बाकी सगळे बनवणारे. त्यांचा एक आवडता खेळ होता. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर कुठून कुठून गुळगुळीत कागदांची पुस्तकं आणायचे, त्यात स्पीकरचे फोटो असायचे आणि खाली किमती. मास्तर किंमत मोठ्यानं वाचायचे, सगळे पोट धरून हसायचे, आणि मग खेळ सुरू व्हायचा की ह्याऐवजी आपण काय करू? अठरा मिलिमीटरचं प्लायवुड, दोन भिंतींमध्ये भाजून कोरडी केलेली वाळू, आत जुनी कांबळी, आणि कागदावर बघता बघता त्याच तोडीची जोडी उभी राहायची. "उरलेल्या पैशात घराला दुसरा मजला," असं मास्तर शेवटी न चुकता म्हणायचे. आणि पेटी तयार झाली की तिचा आवाज लावायला कानसेन. हे काम दुसऱ्या कुणाचं नव्हे. मोठा स्पीकर जाड आवाजांचा, वरचा छोटा ट्वीटर बारीक आवाजांचा, आणि त्या छोट्याच्या वाटेत एक रेझिस्टर बसवायचा, खडूच्या तुकड्याएवढा. तो मोठ्या आकड्याचा घातला की बारीक आवाज दबतो, लहान आकड्याचा घातला की मोकळा होतो. किती मोकळा करायचा हे कुठल्या पुस्तकात नाही. तिथे माणसाचा कान लागतो. कानसेन एक एक बदलून बघायचा, मान तिरकी करायचा, आणि एका क्षणी बोट वर करून म्हणायचा, "आता खुललं." मग सगळ्यांनाच ते खुललेलं वाटायचं.

तर या भाऊंनी छापखाना विकला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही घेतलं. पुस्तकातलं. खरोखरचं. ज्याला हसायचं तेच. मंडळींना चहाला बोलावलं तेव्हा भाऊ नव्या शर्टात होते. दिवाणखान्यात माणसाच्या उंचीचे दोन काळे खांब, त्यांना दगडी पाट, मनगटाएवढ्या जाड वायरी, आणि त्या जमिनीला लागू नयेत म्हणून खाली लाकडी ठोकळे. "वायरींना सर्दी होते की काय?" मास्तरांनी विचारलं आणि भाऊसुद्धा हसले. कानसेनला मात्र पायरी चढतानाच राग आला होता. बनवून घ्यायचं सोडून विकत आणलं, म्हणजे आपल्याला विचारलं नाही, हा तो राग. आज बसमध्ये त्यानं तो पहिल्यांदा कबूल केला. रेकॉर्ड सुरू झाली, एक बाई गात होती, आणि कानसेन वाट बघत होता, चमक कुठे आहे याची. चमक नव्हती. खोटं नव्हता बोलत तो, हेच तर! खोटं बोलला असता तर खरं काय ते निदान त्याचं त्याला ठाऊक असतं. गाणं थांबल्यावर सगळे त्याच्या तोंडाकडे बघायला लागले, भाऊ तर लहान मुलानं निकालाकडे बघावं तसे. "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला, "पण वर काहीच नाही. बाई गोधडीत शिरून गातेय." हशा उसळला. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "मला तर बाई आवडतं," त्या म्हणाल्या. "ती मधेच श्वास घेते, तोसुद्धा ऐकू येतो." "तुमचाच असेल वहिनी," कानसेन म्हणाला. "जिना चढून आलात का?" पुन्हा हशा. वहिनी हसल्या, कप वाटले आणि आत गेल्या. पंधरा दिवसांनी भाऊंचा फोन आला. "तूच बघ रे काही करता येतं का. आता लावलं की मला ती गोधडीच आठवते." हा गेला. खांबांच्या पाठीमागची झाकणं उघडली, कारखान्यानं बसवलेले दोन रेझिस्टर काढले, आपले बसवले, आणि बोट वर करून तेच दोन शब्द बोलला. भाऊ बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "हो, खुललं खरं." 

घरी आल्यावर त्यानं आवाजांची वही काढली. प्रत्येक जोडीचं पान, तारीख, कुणासाठी, प्लायवुड कुठलं, आणि शेवटी तो रेझिस्टर. पहिल्या जोडीला ४.७ ओहम. मग ३.९. मास्तरांच्या जोडीला ३.३. मग २.७, २.२, १.५, आणि दोन वर्षांपूर्वी भाऊंकडे १. एकदासुद्धा आकडा वर चढला नव्हता. पानं उलटताना त्याला आधी कळलंच नाही की आपण काय वाचतोय. मग कळलं. तपासणाऱ्या बाईंनी काचेच्या खोक्यात बसवून काढली तीच रेघ होती ही, बारा वर्षं आपल्याच गोल अक्षरात काढलेली, आणि प्रत्येक पानावर खाली शेरा: आता खुललं. कान एकेक पायरी उतरत होता आणि हा पठ्ठ्या तेवढी तेवढी धार वाढवून लोकांच्या घरी पोचती करत होता. मास्तरांची नात त्यांच्याकडे आली की कानांवर हात ठेवते, तिला गाण्याची गोडी नाही, असं मास्तर परवाच कुरकुरत होते. हा त्यांना म्हणाला होता, हळूहळू तयार होईल कान. देवा! तो पलंगावर बसला आणि त्याला इतकं लाजिरवाणं वाटलं की घरात कुणी नसताना त्यानं वही उशीखाली सरकवली. बायको बाजारातून आली तोवर तो तसाच होता. तिनं पिशवी ठेवली, पाणी प्याली, "बरं वाटत नाहीये का?" म्हणून कपाळाला हात लावला. त्यानं उत्तर द्यायच्या ऐवजी उठून घरचे स्पीकर लावले आणि तिला हाताला धरून समोरच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती, ती त्याची होती. "काय चाललंय?" "एक सांग. हे तुला टोचतं का?" ती त्याच्याकडे बघत राहिली. थट्टा चालली आहे का ते आधी तिनं तपासून घेतलं. "टोचतं की," ती म्हणाली. "पहिल्यापासून?" "छे. आधीचे मोठे होते ते छान होते. पोरगी पाचवीत गेली तेव्हा तुम्ही हे बनवलेत. तेव्हापासून 'स' आला की सुई लागते. मधे एकदा तुम्ही काहीतरी केलंत, त्यानंतर जास्तच." पोरगी पाचवीत. त्यानं मनात वहीचं पान उघडलं, साल तंतोतंत बरोबर होतं. "मग बोलली का नाहीस?" "बोलले होते," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मंडळी बसली होती. तुम्ही म्हणालात, हिला भांड्यांचे आवाज बरोबर कळतात. सगळे हसले. मीही हसले. मग कशाला बोलेन परत?" त्याला ते आठवत नव्हतं. बोलणाऱ्याला आठवत नाही म्हणजे काय काय आणि किती किती बोललो असू? त्यानं उशीखालची वही काढून तिच्या मांडीवर ठेवली आणि दिव्यापासून सगळं सांगितलं. ती पानं उलटत होती. शेवटच्या पानावर थांबली. "बाकीचे काय, बदलून घेतील हसत हसत," ती म्हणाली. "भाऊंकडे मात्र जा. चांगलं होतं ते बिघडवून आलायत तुम्ही." "तू येतेस? म्हणजे बरोबर लागलं की नाही ते मला कळणार नाही." "येते," ती म्हणाली.

त्या रविवारी चारच्या सुमारास दोघं भाऊंच्या दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा कानसेननं वाटेत घोकलेलं सगळं तयार होतं, आणि त्यात खरं एक अक्षर नव्हतं. वहिनींना जाऊन आठ महिने झाले होते. भाऊंनी दार उघडलं, एक बनियन आणि घरातली पँट, गालांवर पांढरी खुंटं. खांबांवर चादरी घातल्या होत्या. "लावत नाही हल्ली," ते म्हणाले. "तुला आठवण झाली होय माझी?" "म्हटलं जरा सर्व्हिसिंग करून टाकू, भाऊ. दोन वर्षं झाली." बायकोनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती चादरीची घडी घालायला लागली. भाऊ चहा टाकायला आत गेले आणि कानसेन गुडघे टेकून खांबामागे बसला. बायको टॉर्च धरून होती. कारखान्याचे ते दोन रेझिस्टर त्यानं तेव्हा एका डबीत ठेवून दिले होते, चांगली वस्तू टाकवत नाही म्हणून. ते त्यानं परत जागेवर बसवले. सोल्डरिंगचा धूर डोळ्यांत जात होता, आणि आतून एक हलकट समाधान वाटत होतं की हे असं गुपचूप उरकतंय, कुणाला काही कळायचं कारण नाही. झाकणं लागली. भाऊंनी अर्ध्या बोटांच्या हातानं रेकॉर्ड ठेवली. तीच बाई गायला लागली, आणि कानसेनच्या लेखी दुकानाचं शटर ओढल्यासारखं झालं. वर काहीच नाही. अगदी तेव्हासारखंच, काहीच नाही. म्हणून तो तोंडं बघत बसला. बायकोनं कप खाली ठेवला होता, सावकाश, जराही न वाजवता, आणि ती पुढे झुकली होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तिला गाणं ऐकताना त्यानं कधी बघितलं नव्हतं. भाऊंचा हात खुर्चीच्या दांडीवर तसाच थांबला होता.

"हे असं होतं," भाऊ म्हणाले. "पहिले पंधरा दिवस हे अगदी असं होतं. काय केलंस रे तू?" मग कानसेनच्या उत्तराची वाट न बघता बायकोकडे वळले. "ताई, ती रोज दुपारी लावून बसायची. मग आजारपण आलं. नंतर नंतर बंद करा म्हणायला लागली. दातांतून कळ जाते म्हणायची. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले औषधांमुळे होतं असं कधी कधी. मला वाटायचं, तेवढीच करमणूक तिला, म्हणून मी आपला आवाज कमी करून लावायचो. तर डोळ्यांत पाणी आणून सांगायची, अहो, नको. चिडायचोसुद्धा मी. एवढं तुझ्यासाठी लावतोय म्हणायचो. औषधं वाईट, दुसरं काय." कानसेनच्या बायकोनं डोळे मिटून घेतले. तिनं त्याला कोपरानं ढोसलं असतं, डोळे वटारले असते, तर त्याला वाट दिसली असती. ती काहीच करत नव्हती. औषधांवर ढकललेलं होतंच, डॉक्टरांनी ढकललं होतं, भाऊंनी मान्य करून टाकलं होतं. आता तोंड उघडून म्हाताऱ्या माणसाचं आणखी काय भलं होणार? असा विचार त्यानं केला, आणि तो विचार इतका सोयीचा होता की त्याला स्वतःची किळस आली. "भाऊ," तो म्हणाला, "औषधांमुळे नाही." आणि मग सांगायला लागला. वाईट सांगितलं त्यानं, उलटसुलट, दिव्यापासून सुरू करून, मधेच वही, मधेच रेझिस्टर, जिथे माफी मागायची तिथे आकडे सांगत बसला. गाणं मागे चालूच होतं. भाऊंनी एकदाही अडवलं नाही. "म्हणजे तुला तेव्हाच ऐकू येत नव्हतं," शेवटी ते म्हणाले. "नाही." "आणि तिला येत होतं." "हो." भाऊ आपल्या त्या अर्ध्या बोटांकडे बघत राहिले. मारलं असतं त्यांनी, एक ठेवून दिली असती, तर कानसेननं पाय धरले असते. "ती सांगत होती रे," भाऊ अगदी साध्या आवाजात म्हणाले. "समोर बसून सांगत होती. आणि मी तुझं ऐकत होतो." मग त्यांनी दाराकडे बघितलं. "तू जरा खाली जा," भाऊ म्हणाले. कानसेन उठला तशी त्याची बायकोही उठली. "ताई, तुम्ही बसा. ही बाजू संपायचीय."

तो खाली येऊन रस्त्यापलीकडच्या भिंतीला टेकून उभा राहिला. रविवारची दुपार, समोर एक जण पाइपानं गाडी धूत होता. वरच्या उघड्या गॅलरीतून जाड आवाज तेवढे खाली येत होते, ठेका, आणि बाईच्या गळ्याचा खालचा भाग. वरचं तिथे होतं, दोन माणसं ते ऐकत होती, आणि त्याला ते जन्मात कळणार नव्हतं. रडू येईल असं त्याला वाटलं, पण आलं नाही. नुसती लाज होती, एखाद्या घट्ट कपड्यासारखी, श्वास घेतला की कळणारी. मग ठेकाही थांबला. बाजू संपली. तो भिंतीपासून सुटला, शर्ट झटकला, जिन्याच्या तोंडाकडे बघत राहिला. ती आता येईल, काही बोलणार नाही, बसस्टॉपपर्यंत दोघं मुकाट चालतील, आणि मग केव्हातरी बोलेल. पण जिन्यावर कुणी आलं नाही. "अहो!" वरून हाक आली. बायको गॅलरीत कठड्याशी उभी होती, हातात पदर, डोळे पुसलेले. "काय झालं? भाऊ बरे आहेत ना?" "बरे आहेत. दुसरी बाजू लावतायत," ती म्हणाली. "मी थांबते. तुम्ही व्हा पुढे." "बरं," तो म्हणाला. ती आत गेली. तो गेला नाही, तिथेच मान वर करून उभा राहिला, आणि वर गाणं सुरू झालं की नाही, ते त्याला खालून कळेना.